काठावर पास होणारं तेल

कुणी नवीन गाडी घेतली म्हणून स्टाफरूममध्ये पेढे आणले, की बाकीचे लोक गाडीचा रंग विचारायचे, ॲव्हरेज विचारायचे. आमचे सर पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारायचे, "तेल कुठलं सांगितलंय?" समोरच्याला वाटायचं, पेट्रोल की डिझेल ते विचारतायत. मग सर पेढा तसाच हातात धरून इंजिन ऑईलवर बोलायला लागायचे आणि पेढेवाला पुढच्या टेबलाकडे कसं सटकावं ह्या विचाराला लागायचा.

सर विज्ञान शिकवायचे, मी मराठी. शाळा मंद्रूपला आणि आम्ही राहायला सोलापुरात. सरांची छोटी पांढरी गाडी होती, सरांनीच ती जुनी म्हणून विकत घेतली होती आणि आमच्यासमोर ती आणखी जुनी होत गेली. पुढे सर आणि आमचे पीटीचे सर बसायचे. मागे मी, तपासायच्या वह्यांची पिशवी आणि तेलाचा डबा. डब्याची ती कायमची जागा. वळणावर तो माझ्या मांडीवर यायचा, म्हणून एक दिवस वैतागून मी त्याला सीटबेल्ट लावला. मला वाटलं सर चिडतील. त्यांनी आरशातून बघितलं आणि म्हणाले, "मॅडमना कळलं बघा तेलाचं महत्त्व." तेव्हापासून डब्याला सीटबेल्ट लावणं हे माझं अधिकृत काम झालं.

मुलं त्यांना मागे 'ऑईलसर' म्हणायची. आम्हीही म्हणायचो, मुलं जवळ नसली की. पण ह्या ऑईलसरांच्या अंगावर तेलाचा एक ठिपका कधी दिसला असेल तर शपथ. कायम पांढराशुभ्र शर्ट, तोही कडक इस्त्रीचा. बॉनेट उघडायचं असलं की आधी बाह्या दुमडायच्या, मग खिशातला पेन काढून माझ्याकडे द्यायचा आणि शर्टाचा खिसा एका हाताने दाबून धरून वाकायचं. पीटीचे सर म्हणायचे, "हे गाडीचं काम करत न्हाईत, गाडीला मुजरा करतात."

आमच्याकडे गाडी जुनी झाली की लोकांची दोन टोकं होतात. एक म्हणतो, जुन्या गाडीला काय करायचंय, जे स्वस्त मिळेल ते ओता. दुसरा म्हणतो, जुनी आहे म्हणूनच सगळ्यात भारी घाला. सरांना दोघांचाही राग होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ज्या गॅरेजमध्ये ते जायचे, तिथले चाचा दर वेळी सिंथेटिक तेलाचा चकचकीत डबा पुढे करायचे. "सर, ये अच्छावाला डालो ना. कितनी कंजूसी करते!" सर म्हणायचे, "चाचा, ते तेल हुशार आहे, मान्य आहे. पण लई पातळ आहे. माझ्या इंजिनचे सील वाळलेत, पिस्टनच्या रिंगा घासल्यात. सोलापूरच्या उन्हात हे तेल आत थांबायचंच नाही, फटीतून निघून जाईल. मला साधं, जाड, ट्वेंटी-फिफ्टी द्या. आणि फिल्टर नवा द्या."

पैसे वाचवण्यासाठी ते साधं तेल घेतात असं आम्हाला वाटायचं, आणि ते खरंही होतं. पण भारी तेल दीड वर्ष ठेवणाऱ्यापेक्षा साधं तेल वेळेवर बदलणारा शहाणा, हे त्यांचं गणित होतं, आणि ते अगदी वेळेवर बदलायचे. मध्ये कमी झालं तर भर घालायचे. एकदा मी जरा खोचकपणे विचारलं, "सर, तुम्हाला नेमकं कसं तेल पाहिजे, ते एका वाक्यात सांगा." सरांनी गाडी चालवता चालवता विचार केला आणि हत्तूरच्या पुढे आल्यावर उत्तर दिलं. "पहिला नंबर नको, मॅडम. काठावर पास होणारं चालेल. पण रोज शाळेला येणारं पाहिजे."

ही त्यांची मुलांबद्दलचीही कसोटी होती. वर्गात पहिल्या येणाऱ्याचं नाव ते विसरायचे, पण हजेरी न चुकवणाऱ्या ढ मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईबापाचं अभिनंदन करून यायचे. 'काठावर पास' ही त्यांच्या तोंडून मिळणारी सगळ्यात मोठी पदवी होती. हेडमास्तरांचं निरोपाचं भाषण झाल्यावर सर हळूच म्हणाले होते, "काठावर पास." हेडमास्तरांनी ते ऐकलं आणि सर रिटायर होईपर्यंत, शाळेत काही कार्यक्रमाला आले तरी त्यांच्याशी सरळ बोलले नाहीत.

आता खडूंचं सांगायला हवं. महिन्यातून एकदा सर इंजिनातलं तेल मोजायच्या पट्टीने थोडं तेल काढून बाटलीच्या झाकणात घ्यायचे, त्यात पांढरा खडू उभा करायचे आणि स्टाफरूमच्या खिडकीत ठेवून तासाला जायचे. दुपारपर्यंत तेल खडूत चढायचं. काजळी खाली अडकायची, स्वच्छ तेल पिवळं होऊन वर जायचं. पिवळा पट्टा रुंद असला तर तेलात जीव आहे. काळंच काळं वर गेलं तर तेल संपलं. खिडकीत असे सगळे खडू ओळीने उभे असायचे, जुन्यापासून नव्यापर्यंत. त्यांच्या गाडीच्या रिंगा घासलेल्या, त्यामुळे पेट्रोल तेलात उतरायचं आणि खडूंना त्याचा उग्र वास यायचा. मी डबा खायला खिडकीपासून लांब बसायचे. तक्रार केली तर सर म्हणायचे, "आपल्याच गाडीचा वास आहे, मॅडम. मी डोळे झाकून ओळखेन."

तेल बदलायच्या आधी त्यांचा आणखी एक नेम होता. बाजारच्या दिवशी मंद्रूपच्या स्टँडवर वडाप करणाऱ्या, म्हणजे शिटा भरून गावोगाव नेणाऱ्या जीपवाल्यांकडे जायचं आणि विचारायचं, "किती चालली? काय घालता?" ज्याची गाडी आपल्यापेक्षा जास्त चालली आहे, त्याचंच ऐकायचं, असा नियम. दुकानदाराचं ऐकायचं नाही, कारण त्याला विकायचं असतं. चाचांचंही नाही, कारण त्यांना दुरुस्त करायचं असतं. ज्याला त्याच गाडीत रोज बसायचं आहे, तोच खरं सांगतो. नियम मोठा शहाणपणाचा होता आणि त्यानेच एकदा आम्हाला तोंडावर पाडलं.

एका जीपवाल्याने सांगितलं, "सर, ट्रॅक्टरचं ऑईल घाला की. लई जाड. आमी तेच घालतो, कुटं काय हुतंय?" त्याची जीप सरांच्या गाडीच्या दुप्पट चाललेली. सरांनी ऐकलं. थंडीचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीने दोनदा कण्हून घेतलं आणि ती गप्प झाली. बॅटरी उतरली. सर स्टिअरिंगवर आणि मी व पीटीचे सर साडी-सफारीत गाडी ढकलतोय, असा देखावा विजापूर रोडने बघितला. शाळेत पोचेपर्यंत परिपाठ सुरू झालेला. सर तसेच पुढे गेले, माईक हातात घेतला आणि सगळ्या शाळेसमोर म्हणाले, "मुलांनो, आज मी नापास झालो. डिझेलच्या माणसाला पेट्रोलच्या गाडीचं विचारलं. माणूस खोटं बोलला नाही, माझा प्रश्न चुकला. उशीर झाल्याबद्दल माफी मागतो."

पाचवीच्या पोरांना काहीच कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या दिवशी सरांचं मनापासून कौतुक वाटलं. चूक झाली की ती उभं राहून सांगायची, हे फार कमी मास्तरांना जमतं. तेच त्यांना घरात जमलं नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

त्यांच्या गाडीच्या किलोमीटरच्या मीटरला पाचच आकडे होते. ते सगळे नऊ झाले आणि मीटर फिरून शून्यावर आला, त्या रविवारी सरांनी आम्हाला घरी पेढे खायला बोलावलं. अंगणात गाडी धुऊन उभी, तिला झेंडूचा हार. सर भलतेच खुशीत होते. एवढ्यात त्यांची लेक चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. एकुलती एक. पुण्याला राहून स्पर्धा परीक्षा देत होती आणि त्याच आठवड्यात पुन्हा निकालात नाव नव्हतं. आम्हाला ते माहीत नव्हतं. पीटीच्या सरांनी सहज विचारलं, "काय, यंदा साहेब होणार का न्हाय?" ती काही बोलायच्या आत सरच हसत म्हणाले, "हिच्यापेक्षा ही गाडी बरी. सकाळी सुरू तरी होते."

आम्ही हसलो. विनोद झाला असं वाटून हसलो. तिने ट्रे बॉनेटवर ठेवला, हाराच्या शेजारी, आणि ती आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

ती पुणं सोडून घरीच राहायला आली, पण त्या दिवसानंतर तिने वडिलांशी बोलणं सोडलं. भांडण नाही, रडारड नाही. विचारलं तर हो किंवा नाही, बाकी काही नाही. सरांच्या मिसेस मला एकदा भाजी मंडईत भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "एका घरात दोघं, पण मधी मी पोस्टमन झालेय निरोपाची. ह्यांना म्हणलं, पोरीला एकदा चुकलो म्हणा. हे उठून गाडीची पट्टी बघायला जातात." मी त्या वेळी सरांवर रागावले होते, आजही थोडी रागावलेली आहे. सगळ्या शाळेसमोर माईकवर माफी मागणारा माणूस स्वतःच्या पोरीपुढे मुका होतो, ह्याला काय म्हणावं?

मग दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. लेकीला करमाळ्याला सरकारी कचेरीत लिपिकाची नोकरी लागली. आणि रिटायर व्हायच्या सुमारास सरांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं दिसायचं, बाजूचं दिसेना. डॉक्टरांनी गाडी बंद केली. आम्हाला वाटलं, सर गाडी विकतील किंवा अंगणात ठेवून रोज पुसतील. त्यांनी चावी लेकीच्या हातात दिली.

त्यांच्या मिसेसने मला ते सांगितलं तेव्हा मला कळलं, की ही माफी होती. सरांच्या भाषेतली. दुसरी भाषा त्यांना येत नव्हती. चावी देताना ते एवढंच बोलले होते, "दर सोमवारी पट्टी बघायची. ती तेल पिते. आणि महिन्याला खडू करायचा." लेकीने पहिल्या खडूचा मोबाईलवर फोटो पाठवला. सरांनी उलट निरोप दिला, की फोटोत रंग खरा येत नाही, खडूच पाठव. मग दर महिन्याला करमाळ्याहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे ती कागदात गुंडाळलेला खडू द्यायला लागली आणि सर तो घ्यायला सोलापूरच्या स्टँडवर जायला लागले.

सरांची गाडी गेल्यापासून मीही मंद्रूपला एसटीनेच जात होते, त्यामुळे संध्याकाळी उतरले की सर बाकड्यावर दिसायचे. पांढरा शर्ट, हातात रिकामी पिशवी. कंडक्टर लांबूनच ओरडायचा, "जयभीम सर! आलाय तुमचा खडू. आता फळापण आणू का?" सर पुडी सोडायचे, खडू नाकाला लावायचे, उजेडात धरायचे आणि पुन्हा नीट कागदात गुंडाळून पिशवीत टाकायचे. "काठावर पास," असं म्हणत, पण खूश होऊन. लेकीचा बाकी काही निरोप नसायचा. खडू यायचा एवढंच.

दिवाळीच्या पुढे कधीतरी त्यांनी पुडी सोडली आणि बराच वेळ खडू हातातच धरून बसले. मला वाटलं, तेल खराब झालं. मी बघितलं तर खडू एकदम छान, मधासारखा पिवळा, तळाला किंचित करडा.

मी म्हटलं, "वा सर! हे तर पहिल्या नंबरचं तेल."

"तेच तर," सर म्हणाले. त्यांनी खडू माझ्या नाकाजवळ आणला. "वास येतोय का पेट्रोलचा?"

"नाही."

"आपल्या गाडीचं नाही हे. कुणाच्या तरी नव्या गाडीचं तेल काढून केलाय खडू." मग म्हणाले, "इंजिन धरलं असणार, जाम झालं असणार. एखाद्या सोमवारी पट्टी बघायची राहिली असणार आणि तेल संपलं असणार."

"मग फोन करून विचारा ना!"

सर खडू गुंडाळायला लागले. "विचारलं तर तिला सांगावं लागेल, की गाडी बंद पडली. कुठल्या तोंडानं सांगेल ती मला? मीच म्हणलं होतं की, हिच्यापेक्षा गाडी बरी म्हणून." त्यांनी पुडी पिशवीत ठेवली. "आणि मग खडू यायचा बंद होईल, मॅडम."

मी म्हटलं, "सर, गाडीच नाही तर खडू कशाला?"

"गाडीसाठी कोण येतंय इथं," सर म्हणाले.

त्यानंतर एक चमत्कारिक व्यवहार सुरू झाला. करमाळ्याहून दर महिन्याला खोटा खडू यायचा, आणि सोलापूरहून दर दोन-तीन महिन्यांनी सर त्याच कंडक्टरकडे साध्या जाड तेलाचा डबा द्यायचे, बंद पडलेल्या गाडीसाठी. लेक एसटीने कचेरीत जात होती, हे सरांच्या मिसेसना माहीत होतं. सरांना माहीत होतं, की मिसेसना माहीत आहे. कुणी कुणाला काही बोललं नाही. मी एकदा न राहवून म्हटलं, की दोघांनाही एका बाकावर बसवून पट्टीने मारलं पाहिजे. सर म्हणाले, "कुठल्या पट्टीने? तेलाच्या?" आणि स्वतःच हसले. त्या हसण्याने मला फार वाईट वाटलं.

हे वर्षभर तरी चाललं असेल. मग ह्या उन्हाळ्यात एक दिवस मी एसटीतून उतरले आणि बघते तर सर बाकड्यावर बसलेले नाहीत. शेडच्या बाहेर, रखरखीत उन्हात उभे होते आणि खडू डोळ्यांजवळ धरून फिरवत होते. मला बघितल्यावर त्यांनी जोरात हाक मारली. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली.

"मॅडम, वास घ्या! वास घ्या आधी!"

मी वास घेतला. पेट्रोल. खडू अर्ध्यापर्यंत काळपट करडा झाला होता, बोटाला लागत होता. स्टाफरूममध्ये असला खडू मी उचलून फेकून दिला असता.

"आता उन्हात धरा. चमक दिसतेय का? बारीक?"

दिसत होती. चांदीच्या भुकटीसारखी, अगदी थोडी.

"नव्या रिंगा बसतायत, नीट बसेपर्यंत पेट्रोल उतरतंच," सर म्हणाले. "इंजिनचं काम काढलंय तिनं. काम झाल्यावरचं पहिलं तेल असंच निघतं, घाण. आणि तेल आपलंच आहे, मी पाठवलेलं. जाड आहे बघा, किती कमी चढलंय." "स्वतःच्या पगारातून केलं असणार. सांगितलं पण नाही पोरीनं."

"फोन लावा," मी म्हटलं. ह्या वेळी मी वर्गात बोलते तशी बोलले. "आत्ता. माझ्यासमोर."

त्यांनी खिशातून फोन काढला. घाईत त्यांना बटणं नीट सापडत नव्हती, म्हणून मीच लावून दिला आणि सवयीने स्पीकरवर टाकला. पलीकडे रिंग वाजत होती. मग तिचा आवाज आला, "बोला."

सर काहीतरी तेलाबद्दल बोलणार अशी माझी खात्री होती. पट्टी बघितलीस का, किती चालवलीस, हळू चालव. पण ते परिपाठाला उभे राहायचे तसे ताठ उभे राहिले.

"बाळ, ते पेढ्याच्या दिवशी मी बोललो की नाही गाडीवरून," ते म्हणाले, "त्या दिवशी मी नापास झालो. मला माफ कर."

पलीकडे कचेरीतला पंखा ऐकू येत होता. कुणीतरी तिला काहीतरी विचारलं, ती त्या माणसाला म्हणाली, थांबा जरा. मला वाटलं फोन कट झाला. मी बघायला हात पुढे केला, तेवढ्यात तिने नाक ओढल्याचा आवाज आला.

"असू द्या, पप्पा," ती म्हणाली. "काठावर पास."

सरांनी मान हलवली, जणू ती समोर उभी होती. फोन बंद करायचा असतो हेही त्यांना सुचलं नाही, तो मीच घेऊन बंद केला. मग ते पिशवी विसरून, खडूचा कागद विसरून चालायला लागले. मी मागून पिशवी घेऊन गेले तर बघते, खडू त्यांनी तसाच उघडा शर्टाच्या खिशात टाकला होता. पांढऱ्या खिशावर काळा डाग खालपर्यंत उतरत होता आणि सर डाव्या हाताने तो खिसा दाबून धरून रिक्षा शोधत होते.